तीस आणि एक

१२ जून

प्रिय मामा,

आधी बातमी. मी शाळेची विद्यार्थी प्रमुख झाले. हसू नकोस! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर निळी पट्टी लावली. पिन सरळ खांद्यातच टोचली, पण मी हूं की चूं केलं नाही. प्रमुख झाल्यावर पहिल्याच मिनिटाला "आई गं" म्हणणं बरं दिसलं नसतं.

मामा, काय गंमत असते रे! कालपर्यंत मी शिंकले तरी कोणी वळून बघत नव्हतं. आता मी जिना उतरायला लागले की लहान मुली भिंतीला चिकटून उभ्या राहतात. मी केस दोन वेण्यांवरून एका वेणीवर आणले, तर चौथ्या दिवशी अर्ध्या वर्गाची एक वेणी. मी काही बोललेसुद्धा नव्हते.

पण एक डोकेदुखी आहे. वसतिगृहातल्या सगळ्यात लहान तीस मुलींना रोज संध्याकाळी जेवणघरातून झोपायच्या खोलीपर्यंत न्यायचं काम माझ्याकडे आहे. वाट लांबलचक, मध्ये कपडे धुण्याची खोली, आणि तिच्या मागे जुना पोहण्याचा तलाव. कित्येक वर्षं कोरडा पडलाय. दाराची कडी मोडकी. कार्ट्या ओळीतून सटकतात आणि थेट तिकडे पळतात. मोठ्या बाई म्हणाल्या, "एखादी पडली तर मी मेट्रनकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन." मी ओरडून बघितलं, शिक्षा करून बघितली. ढिम्म. सगळ्यांना मजाच वाटते.

आम्हा भावंडांना तू एका गोष्टीत गप्प बसवायचास, आठवतं? तशी एखादी पाठव. रक्तबिक्त नको. आणि लवकर पाठव, फोन इथे कपाटात बंद असतात, त्यामुळे तुझ्या पत्रावरच माझी मदार आहे.

तुझी भाची

२० जून

प्रिय हवालदार,

अभिनंदन! तू तीन वर्षांची होतीस तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ही पोरगी माणसं हाकणार. तू तेव्हा माझ्या चपला लपवून मला घरातून बाहेर जाऊ देत नव्हतीस.

हे पत्र एका इस्पितळाच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत बसून लिहितोय. खाली लोक लिफ्ट बंद म्हणून मला शिव्या घालतायत. घालू देत. गोष्ट हवी ना तुला? ही घे, आमच्या धंद्यातली आहे. म्हणजे मीच ती सगळ्यांना सांगतो.

लिफ्टमध्ये आठ माणसांची परवानगी. आठ जण मोजून चढतात. आणि घंटा वाजते, वजन जास्त झालं. पुन्हा मोजतात. आठच. सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. खरं कारण असं की लिफ्टच्या तळाशी कचरा अडकलेला असतो, पण खरं कारण कोणाला हवंय?

तू मुलींना काही सांगूच नकोस. नुसतं मोज. तीस झाले की शेवटच्या मुलीपाशी थांब, तिच्या मागे बघ, आणि हळूच म्हण, "आणि एक." की लाग चालायला. कोणी विचारलं तर म्हण, "काही नाही." बाकीचं त्या पोरी स्वतः करतील. सुतावरून स्वर्ग गाठायला लहान मुलांइतकं कोणी पटाईत नाही.

आणि हे तुझ्या आईला सांगू नकोस. ती मला अजून त्या उंदराच्या गोष्टीवरून बोलते.

तुझा मामा

५ जुलै

प्रिय मामा,

तू जादूगार आहेस! काय सांगू तुला. पहिल्या दिवशी "आणि एक" म्हटलं, तर एकदम टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. दुसऱ्या दिवशी कोणी ओळ मोडली नाही. आता तर माझं मोजून होईपर्यंत तिसाच्या तीस जणी श्वास धरून उभ्या असतात. तलावाच्या दाराकडे कोणी मानसुद्धा वळवत नाही.

आणि तू म्हणालास तसंच झालं, बाकीचं त्यांनीच रचलं. जी ओळ सोडेल तिची जागा "एक" घेतं, असा नियम आहे म्हणे. मी नाही हं केला! मेट्रनबाई खूश, त्यांना आता रात्री खोलीत फेरी मारावी लागत नाही. मी आकडा सांगते, त्या सही करतात, संपलं. माझी उपप्रमुख आहे ना, लंबू, तीही माझ्यासारखंच मोजते, माझ्यापेक्षा जास्त नाटकी. रात्री दिवे मालवल्यावर कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही, हाही नियम मी केला. तोसुद्धा पाळतात.

मोठ्या बाई सभेत म्हणाल्या, "शिस्त भीतीने येत नाही, आदराने येते. हे या मुलीने दाखवून दिलं." मला जरा हसू आलं, पण बरंही वाटलं. खूप बरं वाटलं, मामा.

तुझी भाची

१४ जुलै

प्रिय हवालदार,

वा! माझी गोष्ट शाळेत लागली म्हणायची. मला एक निळी पट्टी पाठवून दे, मी मशीनखोलीत लावून बसतो.

फक्त एक सांग. ओळीत शेवटी कोण असतं?

मामा

२६ जुलै

प्रिय मामा,

तू विचारलंस म्हणून नीट बघितलं. नाहीतर बघितलं नसतं, खरं सांगते.

ओळ उंचीप्रमाणे असते, त्यामुळे सगळ्यात छोटी शेवटी. तिला आम्ही बटण म्हणतो. गोल, गिड्डी, आणि कितीही उकडत असलं तरी गळ्याशी वरचं बटण लावलेलं. पहिल्या आठवड्यात ती रडायची, मला मधे घ्या म्हणायची. मी म्हटलं, ओळ उंचीप्रमाणेच. एकीला सूट दिली की सगळ्या मागणार ना? मग ती रडायची थांबली. मला वाटलं, झाली सवय.

मामा, आता ती मुद्दाम हळू चालते. मागचं "एक" मागे पडू नये म्हणून. चालताना मागे बघून काहीतरी पुटपुटते, जेवताना ताटातलं थोडं बाजूला काढून ठेवते. बाकीच्या तिच्या शेजारी बसत नाहीत, बाकावर एका माणसाची जागा सोडून बसतात. तिच्या शेजारचा पलंग रिकामा आहे. त्या पलंगावरची मुलगी आपली गादी ओढून दुसरीबरोबर झोपते. खेळायला तिला कोणी घेत नाही. कोणी मारत नाही, चिडवत नाही. नुसत्या सरकतात. ती आली की सगळ्या जरा सरकतात.

काल मी तिला बोलावलं. "कोणाशी बोलत असतेस गं?"

"मागच्याशी."

"काय म्हणतं ते?"

"काही नाही. ऐकतं फक्त."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जसं काही मी तिला वेळ विचारली. आणि मामा, मी तिच्या मागे बघितलं. मला माहीत आहे की तिथे काही नाही, ते मीच आणलंय, तुझ्या पत्रातून. तरी बघितलं. आणि बघून झाल्यावर तिच्याकडे परत बघायचा धीर होईना.

काय करू?

तुझी भाची

३ ऑगस्ट

बाळ,

पत्र वाचताना आधी हसलो. मग पुन्हा वाचलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

ऐक. उद्याच्या उद्या, भर उजेडात, सगळ्यांना खरं सांग. म्हणावं, माझा मामा आहे, लिफ्टवाला, थापाड्या, ही त्याची थाप आहे. खुशाल सगळं माझ्यावर ढकल. त्या छोटीला ओळीत पुढे घे आणि तिचा हात धरून चाल. आणि ते "आणि एक" बंद. आजपासून बंद.

मला काय ठाऊक, तुझ्या शब्दाला तिथे एवढं वजन असेल. मी सांगितलं असतं तर पोरी खिदळल्या असत्या. तू सांगितलंस म्हणून ते खरं झालं. परवा मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, एकटाच. काम करता करता वर हाक मारली, कोणी आहे का म्हणून. बावीस वर्षांत कधी मारली नव्हती. मला माझाच राग आला.

खरं सांगून टाक आणि मला लगेच कळव.

मामा

१५ ऑगस्ट

प्रिय मामा,

सांगितलं. सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं. तुझं नावही सांगितलं. "एक" वगैरे काही नाही, मी तुम्हाला घाबरवायला म्हणाले होते, मला माफ करा, असं म्हणाले.

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हो, ताई."

एकीनेही प्रश्न विचारला नाही. मी उद्या म्हटलं असतं की तुम्हा सगळ्यांना शेपट्या आहेत, तरी "हो, ताई" म्हणाल्या असत्या. मीच शिकवलंय ना त्यांना तसं म्हणायला. नंतर कानावर आलं, एक मुलगी दुसरीला सांगत होती, ताईला तसं बोलायला त्या "एक"नेच लावलं.

बटणला ओळीत पुढे घेतलं. तर आता जी शेवटी आली तिने असा आकांत मांडला की मेट्रनबाई धावत आल्या. तेव्हा बटण स्वतःच म्हणाली, "मी जाते मागे, मला सवय आहे." आणि गेली. आणि मी जाऊ दिलं, मामा. सगळं एकदम शांत झालं म्हणून.

मी आता "आणि एक" म्हणत नाही. त्याच म्हणतात, कुजबुजत. लंबू अजून मोठ्याने म्हणते, कारण ते म्हटल्याशिवाय ओळ हलतच नाही.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई मला दुसऱ्या गावी नेणार आहेत. सगळ्या शाळांच्या विद्यार्थी प्रमुखांचं संमेलन आहे. मला भाषण करायचंय, विषय "जबाबदारी". दोनच दिवस. परत आले की हे सगळं निस्तरते. बटणसाठी काहीतरी घेऊनही येईन.

तुझी भाची

१० सप्टेंबर

बाळ,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुझी आई फोनवर म्हणाली, शाळेत काहीतरी झालंय पण कोणी धड बोलत नाही. एक ओळ लिही. काहीही असलं तरी लिही, मी रागावणार नाही.

मामा

१६ सप्टेंबर

मामा,

लिहिते. आधी हे सांगते की ती जिवंत आहे.

मी संमेलनाला होते. त्या संध्याकाळी ओळ लंबूने नेली. बटण जेवणघरातून निघाली, पण झोपायच्या खोलीत पोचली नाही. मधेच कुठेतरी ओळीतून गळली. शेवटची होती, मागून बघणारं कोणीच नव्हतं. खोलीच्या दाराशी लंबूने नेहमीसारखं मोजलं. एकोणतीस झाल्या. आणि नेहमीसारखं ती म्हणाली, "आणि एक." झाले तीस. तीस आकडा रोजचाच, कानाला बरोबर वाटला. तिने मेट्रनबाईंना तीस सांगितलं, त्यांनी सही केली आणि दिवे मालवले.

कळलं तुला? बटण नव्हती आणि तिच्या जागी आपलं ते "एक" मोजलं गेलं.

तिचा पलंग रिकामा आहे हे आजूबाजूच्या मुलींनी बघितलं होतं. कोणी बोललं नाही. मी परत आल्यावर एकेकीला विचारलं, का नाही सांगितलंत? एक म्हणाली, दिवे मालवल्यावर बोलायचं नसतं. दुसरी म्हणाली, "मोजणी भरली होती ना, ताई."

सकाळी कपडे धुणाऱ्या बाईंना ती तलावात सापडली. कडेवरून खाली पडली होती. मांडीचं हाड मोडलंय. रात्रभर गार फरशीवर पडून होती. शुद्धीत होती, मामा. बाई म्हणाल्या, डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी माझं भाषण झालं होतं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मोठ्या बाई म्हणतात, अपघात होता, कडी मोडकी होती, तू मनाला लावून घेऊ नकोस आणि बाहेर बोलू नकोस. पट्टी अजून माझ्याच खांद्यावर आहे. लंबू नुसती बोटं मोजत बसते. आणि ओळ रोज निघते. आता एकोणतीस जणी आहेत, तरी त्या तिसावं मोजतात. पण "एक" म्हणत नाहीत. "बटण" म्हणतात. तिचं नाव घेतात आणि चालायला लागतात. ती आपल्या घरी अंथरुणात आहे, आणि इथे त्यांनी तिचं भूत केलंय. मी मध्येच ओरडले, ती जिवंत आहे म्हणून. "हो, ताई" म्हणाल्या.

तिचे बाबा तिला घरी घेऊन गेले. तुझ्याच शहरात आहेत ते, जुन्या भाजी बाजारासमोर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. वर घर. माझी हिंमत नाही. तू जाशील? तिला सांगशील की मागे कधीच काही नव्हतं?

२४ सप्टेंबर

बाळ,

जाऊन आलो.

तिच्या बाबांना सांगितलं मी कोण. काचा पुसत होते. पुसायचे थांबले, मग जिन्याकडे हात केला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर गेलो. छोटीचा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. गळ्याशी वरचं बटण लावलेलं होतं.

"तुम्ही ताईचे मामा? लिफ्टवाले?" म्हणाली. मी म्हटलं, हो, तोच थापाड्या. मग मी सगळं सांगितलं, आठ माणसं, घंटा, तळाचा कचरा, सगळं. शेवटी म्हटलं, तुझ्या मागे कधीच काही नव्हतं बघ.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मी विचारलं, कसं? म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी मागे वळून बघितलं होतं. कोणी नव्हतं. सगळ्या सरकायच्या म्हणून रडायचे."

"मग बोलायचीस कोणाशी?"

"कोणाशीच नाही. पण मी तसं करायला लागले तेव्हा ताई माझ्याकडे बघायला लागली."

आता पुढचं लिहू की नको, दोन दिवस विचार केला. तुझ्यापासून लपवलं तर मी पुन्हा तुला एक गोष्टच सांगितल्यासारखं होईल. म्हणून लिहितो. मी विचारलं, तलावाकडे कशाला गेलीस? म्हणाली, तिथे कोणी नसतं, त्यामुळे कोणी सरकतही नाही. कडेवर बसली होती, उठताना पाय घसरला. मी म्हटलं, अगं मग ओरडायचं नाही का जोरात? धुण्याची खोली जवळच होती, तिथे माणसं होती.

तर म्हणाली, "ताई मोजते ना. एक कमी आली की ताई येईल, असं वाटलं."

ओळ लंबूने नेली तरी दाराशी मोजायला तू असशीलच असं तिला वाटलं, तू गावाला गेली होतीस हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवे मालवले ते तिला तिथून दिसलं. त्यानंतर तर तिने तोंडातून आवाजच काढला नाही, कारण तुझा नियम.

मी खाली आलो आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. पन्नाशीचा माणूस. तिच्या बाबांनी पाणी आणून दिलं.

तू ये. भाषण नको, खाऊ नको. तू ये फक्त. स्टेशनवर मी असेन.

मामा

१ ऑक्टोबर

बटण,

तुला मी आजपर्यंत तुझ्या खऱ्या नावाने हाक मारली नाही. पाकिटावर लिहिताना ते मला मेट्रनबाईंना विचारावं लागलं. मामाच्या हाती हे पत्र देते, कारण मी समोर आले आणि तुला मला बघायचं नसेल, तर निदान हे तुझ्यापाशी राहील. मी खाली दुकानात थांबलेय. तू नको म्हणालीस तर परत जाईन, आणि पुन्हा विचारायला येईन.

काल प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगितलं, मोजणी कशी भरली ते. आकड्यासकट. लंबूची चूक नव्हती, तिला तसं मोजायला मी शिकवलं होतं, तेही सांगितलं. मोठ्या बाईंनी तिथेच पट्टी काढून घेतली. या वेळी मुली "हो, ताई" म्हणाल्या नाहीत. एक छोटी मुलगी उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "मग तुम्ही तिला बघायला का नाही गेलात?" तुझ्या शेजारच्या पलंगावरची होती ती. मग दुसरी उठली. खूप जणींनी खूप काही विचारलं. मोठ्या बाईंनी घंटा वाजवली तरी त्या बसल्या नाहीत.

मामा म्हणतो, तुझ्या मागे कोणी नव्हतं हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझं बरोबर होतं. कोणीच नव्हतं. मी रोज तिथे बघायचे, "आणि एक" म्हणायचे आणि पुढे निघून जायचे. तिथे मी चालायला हवं होतं.

त्या रात्री तू किती वेळ माझी वाट बघितलीस, ते मला कधीच सांगू नकोस, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडून टाकला. सांग मला. दाराकडे बघताना काय वाटत होतं तेही सांग. मी येणार नाही हे तुला कधी कळलं, तेसुद्धा सांग.